सलग वर्ष

"उज्ज्वला, आई गेली. जालूला सांगू नगंस."

वन्संनी दोन्ही वाक्यं एका दमात म्हटली. मी तेव्हा नोराला लापशी भरवत होते. नोरा म्हणजे आमच्या नर्सिंग होममधली नव्वदीची म्हातारी. चमचा थांबला की ती लहान मुलासारखी तोंड उघडून वाट बघत राहायची. ती तशी आ करून बसली होती आणि मी एका हातात चमचा, दुसऱ्या हातात फोन घेऊन उभी होते.

"कधी?" मी विचारलं.

"पाटंचं. झोपंतच. धार काढून आले, च्या प्यायला हाक मारली, तर उठंना."

"अहो, मग सांगू नको म्हणजे काय? मुलगा आहे तो तिचा. अग्नी कोण देणार?"

"चुलत्याचा बाळू दिल. हे बघ, ही माजी अक्कल न्हाई. तिनं माज्याकडनं शपथ घेतलीया, गळ्याला हात लावून. मी मेले तर जालूचा कागद हुईस्तवर त्येला कळू द्यायचं न्हाई म्हणाली. आता तूच बघ." मागं बायकांचा आवाज वाढला आणि वन्संनी फोन ठेवला.

मी नोराला उरलेली लापशी भरवली. तिचं तोंड पुसलं, केस विंचरले. दुसऱ्याच्या आईचे केस विंचरण्याचे मला पैसे मिळतात, हे त्या सकाळी पहिल्यांदा जाणवलं आणि फार वाईट वाटलं.

आम्ही तेव्हा आयर्लंडमध्ये, मॅलो नावाच्या गावात राहत होतो. जालिंदर, म्हणजे माझे यजमान, तिथल्या दूध पावडरच्या कारखान्यात थंडाव्याची यंत्रं सांभाळायचे. कायम राहण्याचा परवाना हातात होता, नागरिकत्वाचा अर्ज डिसेंबरात करायचा होता. नियम साधा होता. पाच वर्षं राहायचं आणि त्यातलं शेवटचं वर्ष सलग राहायचं. आता सलग म्हटलं तरी माणूस सुट्टीत गावी जाऊन यायचाच. तेवढ्यावर कुणी अडवत नसे. पण त्या जुलैत एका न्यायाधीशानं निकाल दिला, सलग म्हणजे सलग. एक दिवस देशाबाहेर गेलात तरी वर्ष मोडलं, पुन्हा पहिल्यापासून मोजा. आम्ही श्रावणात गावी जायची तिकिटं काढली होती, ती मुकाट्यानं रद्द केली. जालिंदरनी वन्संना फोन करून सांगितलं. सासूबाईंना, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून फोनवर सगळं वन्संच्या मार्फत चालायचं. वन्संनी ओरडून सांगितलं आणि पलीकडून आत्याबाईंचा आवाज इकडंही ऐकू आला. "येऊ नगंस म्हणावं! अजाबात येऊ नगंस!"

एवढ्या ठामपणे का, ते मला ठाऊक होतं. आमच्या लग्नाआधी सासरे वारले, तेव्हा जालिंदर मस्कतला नोकरीला होते. बातमी कळताच ते मिळेल त्या विमानानं आले. दहावा झाला, तेरावा झाला. निघायच्या दिवशी आत्याबाईंनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, घर खायला उठतंय रं, थांब की अजून थोडं. ते थांबले. परत जायला निघाले तर कंपनीनं त्यांच्या जागी दुसरा माणूस घेतलेला आणि व्हिसा रद्द केलेला. मग विट्याजवळच्या आमच्या गावात लोकांच्या विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. आयर्लंडची संधी आली तेव्हा त्यांच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते. आत्याबाईंनी ते कधी मनातून काढलं नाही. नवऱ्याच्या दिवसांपायी पोराचं वाटोळं केलं मी, असं त्या कुणालाही ऐकवायच्या. अगदी दारावर आलेल्या बोहारणीलासुद्धा.

म्हणून मला वन्संवर रागावताही येईना. पण म्हणून हे गिळायचं कसं? संध्याकाळी जालिंदर कामावरून आले. मी ओट्याकडं तोंड करून उभी राहिले. आमची मधुरा शाळेच्या तीन आठवड्यांच्या शिबिराला गेली होती तेवढं बरं होतं. तिच्यापुढं माझं तोंड कधी बंद राहत नाही.

"चिकन काढू का बाहेर?" मी विचारलं.

"नको. श्रावण आहे."

"तुम्हाला कधीपासून श्रावण कळायला लागला?" मी म्हटलं. लग्नानंतर पहिल्या श्रावणात या माणसानं शेजारच्या गावच्या ढाब्यावर जाऊन मटण खाल्लं होतं आणि वर ढेकर देत घरी आला होता.

"वय झालं आता," ते म्हणाले आणि आंघोळीला गेले.

मला वाटलं, देवच पावला. मला सुतक पाळायचं होतं आणि ते त्यांना कळू द्यायचं नव्हतं. देवापुढं दिवा लावायचा नव्हता, गोडधोड करायचं नव्हतं. दिवा का नाही म्हणून विचारलं तर अडचण आहे म्हणून सांगायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं. चार दिवस ते खपलं असतं. पुढं काय सांगणार होते कोण जाणे. पण त्यांनी विचारलंच नाही. देव्हारा तसाच अंधारात राहिला आणि आम्ही दोघं त्याच्यासमोर बसून वरण-भात खात राहिलो.

रविवारी नेहमीप्रमाणे वन्संचा फोन आला. जालिंदरनी फोन स्पीकरवर टाकला.

"आक्का, काय म्हणतीया आई?"

"आई व्हय?" वन्संचा आवाज जरा अडखळला. "ती गेलीया की देवळात. सप्ता हाय न्हवं. हितं कुठं टिकतीया ती."

"बरं. पाऊस हाय का तिकडं?"

"हाय रिपरिप."

"तिला म्हणावं पायरीवरनं जपून."

"सांगते," वन्सं म्हणाल्या.

फोन संपला. जालिंदर उठून बागेत गेले आणि कापलेलं गवत पुन्हा कापायला लागले. मी खिडकीतून त्यांच्या पाठीकडं बघत राहिले. माझा जीव तुटत होता. मला वाटत होतं, बिचाऱ्याला काही माहीत नाही. पायरीवरनं जपून म्हणे! आणि त्या पायऱ्या कायमच्या सुटून गेलेल्या.

दहाव्या दिवशी मी कामावर गेले खरी, पण हात चालेनात. नोराच्या अंगावर पाणी सांडलं. आमच्या मुख्य नर्सनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि घरी पाठवलं. मी बसनं आले. जालिंदरची दुपारची पाळी होती, ते झोपले असतील म्हणून हळूच कुलूप काढलं. स्वयंपाकघरात भाताचा वास होता. मागचं दार उघडं होतं.

ते बागेच्या भिंतीशी उभे होते. भिंतीवर आमच्या जेवणाच्या ताटात भाताचा गोळा, त्यावर दही आणि काळे तीळ. शेजारी बशीत चहा. अंगात बनियन, कमरेला टॉवेल. आणि त्यांनी मिशी काढली होती. लग्नाच्या फोटोपासून मी ज्यांना कधी मिशीशिवाय बघितलं नव्हतं, त्यांचा वरचा ओठ उघडा, पांढरा दिसत होता. आईबाप गेल्यावर मुलगा मिशी काढतो; मला आणखी काही विचारायची गरजच उरली नाही.

मी पिशवी दारातच ठेवली.

"अहो, तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी वळून बघितलं. दचकले नाहीत. "तुला तरी कुणी सांगितलं?"

"वन्संनी. त्याच दिवशी. आत्याबाईंनी शपथ घातली होती हो त्यांना."

"वाटलंच मला. दिवा लावत नव्हतीस तू." ते पुन्हा भिंतीकडं वळले. "मला बाळूच्या पोरानं. म्हणजे सांगितलं न्हाई. स्टेटस ठेवला होता. आईचा फोटो, भोवती झेंडूची माळ, वर भावपूर्ण श्रद्धांजली. खाली तरुण मंडळाच्या पोरांची नावं. मी कामावर कपडे बदलत होतो, सहज बघितलं. परत उघडायला गेलो तर काढून टाकलेला. कुणीतरी ओरडलं असणार त्याला."

गावात कुणी गेलं की तरुण मंडळाचं पहिलं काम हेच. मयताला खांदा द्यायच्या आधी फोटोला माळ लागते. वन्संनी सगळ्या भावकीला बजावलं असणार, पण त्या पोराला वाटलं असेल, आजीचा स्टेटस ठेवला नाही तर लोक काय म्हणतील. मला रागही आला आणि त्या पोराची कीवही आली.

"मग बोलला का नाहीत?" मी म्हणाले. "इतके दिवस माझ्यासमोर बसून जेवताय. त्या दिवशी वन्संशी बोललात, पायरीवरनं जपून म्हणालात. कसं जमलं हो तुम्हाला?"

"बोललो असतो तर जावं लागलं असतं," ते म्हणाले. "कळलं म्हटल्यावर पोरगा जागेवर बसून राहील का? माहीतच न्हाई म्हटल्यावर बसता येतं. आक्कानं माझ्यासाठी तेवढी सोय केली होती. ती कशाला मोडू?"

मला त्यांचा इतका राग आला, इतकी माया आली, की कुठल्याचं काय करायचं ते कळेना. मी त्यांच्याजवळ गेले. शेजारच्या घराच्या धुराड्यावर दोन कावळे बसले होते. तिकडचे कावळे निम्मे राखाडी असतात, अंगात जाकीट घातल्यासारखे. ते आमच्याकडं बघत होते आणि जागचे हलत नव्हते.

"केव्हापासून उभे आहात?"

"झाला बराच वेळ. शिवंना."

कावळा पिंडाला शिवला नाही तर मेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली, असं आपल्याकडं मानतात. मग एकेक जण पुढं होऊन, मुलाचं शिक्षण करीन, धाकटीचं लग्न लावून देईन, असं मोठ्यानं कबूल करतो. ज्याच्या कबुलीवर कावळा येतो, ती इच्छा. माझा त्यावर विश्वास होता की नव्हता, सांगता येत नाही. पण त्या क्षणी त्या राखाडी पाखरानं यावं म्हणून मी मनातल्या मनात गावच्या सिद्धनाथाला हात जोडत होते.

"मधुराचं सगळं नीट करू म्हणा," मी सुचवलं.

ते म्हणाले. कावळा हलला नाही.

"वन्संना अंतर देणार नाही म्हणा."

तेही म्हणाले. एक कावळा उडाला आणि उलट्या दिशेनं निघून गेला.

"अहो, तिला काय हवं असणार? एकच. तुम्ही यायला हवे होतात. येतो म्हणा. लवकर येतो, राहायला येतो म्हणा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "थोडं पाणी आणतेस?"

मी आत गेले. तांब्या भरत होते तेव्हा खिडकीतून ते दिसले. त्यांनी हात जोडले, मान खाली घातली आणि ओठ हलले. काच बंद होती, मला शब्द ऐकू आले नाहीत. धुराड्यावरचा उरलेला कावळा भिंतीवर उतरला, दोन पावलं चालला आणि भाताला चोच लावली. मग चहाच्या बशीतही चोच घातली. मी तांब्या तसाच टाकून बाहेर धावले.

"शिवला!" मी म्हणाले. "बघा, मी म्हटलं नव्हतं? येतो म्हटल्याबरोबर आला."

"हं," ते म्हणाले आणि नळावर जाऊन तोंड धुतलं. त्या दिवशी दुपारी ते कामावर गेले. कारखान्यात कुणीतरी मिशीबद्दल विचारलं, तर यंत्रात अडकली म्हणून सांगितलं म्हणे, आणि सगळे हसले.

पुढं नोव्हेंबरात वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला. सुट्टीला जाऊन आलं तर वर्ष मोडत नाही, असं पुन्हा झालं. मी ती बातमी मोबाइलवर वाचली आणि स्वयंपाकघरात एकटीच ओरडले. एवढ्यासाठी? एवढ्या थोड्या महिन्यांसाठी? संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, "चला, आता जाऊन येऊ." ते म्हणाले, "कागद होऊ दे." मी किती भांडले. "आता कसला कागद, आता कुणी अडवलंय?" पण ते हलले नाहीत. डिसेंबरात अर्ज केला. आणि त्यानंतर तर महामारीच आली, जगात कुणीच कुठं जाऊ शकेना.

या सगळ्या काळात रविवारचा फोन चालू होता. सुरुवातीला वन्सं घाबरत खोटं बोलायच्या. आई देवळात गेलीया, आई झोपलीया, आई जावंकडं गेलीया. पण जालिंदर कधी खोदून विचारायचे नाहीत, त्यामुळं त्यांना हळूहळू धीर आला. मग त्या आत्याबाईंचे निरोप सांगायला लागल्या.

"आई म्हणतीया, थंडीत कानटोपी घालत जा."

"घालतो म्हणावं."

"आई म्हणतीया, उज्ज्वलाशी भांडत जाऊ नगंस. गुणाची हाय."

हे ऐकून मी तोंडाला पदर लावला. आत्याबाई जिवंत असताना मला कधी गुणाची म्हणाल्या नव्हत्या. भाकरी जाड करते, एवढंच म्हणायच्या. वन्संच्या तोंडून आत्याबाई वारल्यावर जास्त बोलायला लागल्या होत्या आणि जास्त प्रेमळही झाल्या होत्या. जालिंदर फोनजवळ वाकून, डोळे मिटून ऐकायचे. कधीकधी उलट प्रश्नही टाकायचे. तिला विचार, लहानपणी मी कुठल्या झाडावरनं पडलो होतो? वन्सं क्षणभर थांबायच्या आणि मग, "आई म्हणतीया, चिंचेवरनं, आणि गुरांच्या पाण्याच्या हाळीत पडलास म्हणून वाचलास." दोघंही हसायचे. मला कळायचं की हे थांबवायला पाहिजे. आणि मला हेही कळायचं, की थांबवलं तर दोघांचीही आई त्या दिवशी पुन्हा मरेल. मी गप्प बसायची.

शेवटी तो कागद आला. महामारीमुळं शपथविधीचे समारंभ बंद होते. वकिलासमोर सही केली होती, प्रमाणपत्र पोस्टानं आलं. पाकीट फोडून जालिंदरनी ते वाचलं, मला दिलं, मी वाचलं. त्यांच्या नावापुढं वडिलांचं नाव नव्हतं, नुसतं जालिंदर माने. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी चहा ठेवला.

"आक्काला लावतो," ते म्हणाले.

"आक्का, झाला कागद. आता हितला झालो मी."

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला. मग वन्सं म्हणाल्या, "जालू, बसलायस का?"

"बसलोय."

"आई न्हाई रं आपली. लई दिस झालं. त्याच श्रावणात गेली. मी फसवलं तुला. तिनंच शपथ घातलेली, पर बोलत हुते ते मीच. ते समदं माजंच बोलणं हुतं. मला मार, काय करायचं ते कर."

मी जालिंदरकडं बघितलं. मला वाटलं, आता ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करतील. तसं ठरवलेलंच असणार. त्यांचा चेहरा गोळा झाला, तोंड उघडलं, पण वन्सं थांबतच नव्हत्या.

"आन एक सांगते, ते मला खातंय रात्रंदिस. कावळा न्हाई शिवला तिला. ओढ्यावर आख्खी भावकी हुती. ज्येनं त्येनं काय काय कबूल केलं. मी म्हटलं, जालूला आणते, उद्याच्या उद्या बोलावून घेते, मोडू दे ती शपथ. तरी न्हाई शिवला. दुपार टळली. मग भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. तुज्यात जीव अडकला हुता तिचा, आन मी तुला कळू दिलं न्हाई. तशीच गेली ती, जालू. माज्यामुळं तशीच गेली."

जालिंदरनी डोळे पुसले. मला दिसत होतं, ते दोन बाजूंनी ओढले जाताहेत. गप्प बसले तर वन्सं हे ओझं जन्मभर वाहणार. बोलले, तर आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तरी आपण आलो नाही, हे बहिणीसमोर उघडं पडणार. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काही खूण केली नाही. हे त्यांनीच ठरवायचं होतं.

"आक्का, शिवला," ते म्हणाले.

"कुठला शिवला? मी सांगतेय न्हवं तुला..."

"हितं शिवला. मी हितं पिंड ठेवला हुता. दहाव्याला. उज्ज्वला हुती संगट, इचार तिला."

"शिवला वन्सं," मी फोनजवळ जाऊन म्हणाले. "मी डोळ्यांनी बघितला. चहासुद्धा प्यायला."

वन्सं अडाणी असतील, पण हिशेबात कधी चुकल्या नाहीत. दहाव्याला पिंड ठेवला, याचा अर्थ त्यांना लागायला वेळ लागला नाही.

"म्हंजे तुला तवाच ठावं हुतं?"

"व्हय."

"आन मग दर आयतवारी माज्याशी... आई काय म्हणतीया म्हणून..."

"गोड वाटायचं आक्का ऐकायला. तू बंद करशील म्हणून बोललो न्हाई."

आता त्या ओरडतील, शिव्या देतील, असं मला वाटलं. पण वन्सं अगदी हळू आवाजात, जणू जवळ बसून विचारावं तसं म्हणाल्या, "मग आमच्या हातनं न्हाई शिवला, तुज्या हातनं कसा शिवला रं? तू काय कबूल केलंस?"

मला उत्तर माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं. येतो म्हणाले होते. मीच तर सुचवलं होतं.

जालिंदरनी प्रमाणपत्र परत पाकिटात सरकवलं.

"सांग की," वन्सं म्हणाल्या.

"म्हटलं, आई, मी येत न्हाई."